नवरा उप्सालाला येतोय, तर आधी दुसऱ्या किल्लीचं बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीची एक मुलगी ऑगस्टपासून स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात दोन वर्षांचं मास्टर्स करते आहे. लग्नाला दीड वर्ष झालंय, नवरा चाकणला इंजिनियर आहे. त्याला तीन आठवड्यांची रजा मिळेल असं दिसतंय. ती विचारते : डिसेंबरात ख्रिसमसची सुट्टी असते, तेव्हाच बोलावू का? व्हिसाचं काय करायचं? विद्यार्थी वसतिगृहाच्या कॉरिडॉरमधल्या एका खोलीत दोघं राहिलेलं चालतं का? आणि मी वर्गात असताना तो दिवसभर करेल काय?

वयानं तू माझ्या धाकट्या बहिणीच्या जागी आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. मी 2011 च्या ऑगस्टमध्ये उप्सालाला शिकायला आले, तेव्हा माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते आणि नवरा पुण्यात होता. पुढे इथेच राहिले. गेली नऊ वर्षं परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचं काम करते. कागदावर ते काम अभ्यासाविषयी आहे, पण दार लोटून समोर बसलेली मुलं निम्म्या वेळा घरचंच बोलतात. ‘तो येऊन गेला आणि आम्ही पहिल्यापेक्षा लांब गेलो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की तुझ्या चारही प्रश्नांमध्ये मला शेवटचा सगळ्यात मोठा वाटतो. पण क्रमानं घेते.

डिसेंबरात बोलावू नकोस. आपल्याला वाटतं ख्रिसमस म्हणजे दिवाळीसारखी मोठी सुट्टी, परीक्षा उरकलेली, डोकं मोकळं. इथलं पहिलं सत्र जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतं. सुट्टीत तुझ्या डोक्यावर निबंध आणि जानेवारीतली तेन्ता, म्हणजे परीक्षा, असणारच. 24 डिसेंबरला गाव बंद. कॉरिडॉरमधली स्वीडिश मुलं आपापल्या घरी गेलेली, स्वयंपाकघरात तुम्ही दोघंच. आणि उजेड! त्या दिवसांत उप्सालात सकाळी पावणेनऊनंतर उजाडतं आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूर्य बुडतो. तू हळूहळू त्या अंधारात शिरलेली असतेस, म्हणून निभावतं. लख्ख उन्हातून विमानानं एका रात्रीत इथे उतरलेल्या माणसाला तो अंधार अंगावर येतो.

हे मी अनुभवानं सांगते. माझा नवरा पहिल्यांदा आला तो जानेवारी 2012 मध्ये. मी तेव्हा फ्लोग्स्टा या विद्यार्थी वस्तीत राहायची, उंच इमारती, मजल्यावर बारा खोल्या आणि एक सामाईक स्वयंपाकघर. तिसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले आणि त्याला सांगून गेले, ‘जरा फिरून ये.’ खोलीची किल्ली एकच, ती माझ्या खिशात. दार आपोआप लागतं हे सांगायचं मी विसरले. त्याचं भारतातलं सिम इथे चालत नव्हतं. मी पावणेसहाला परतले तेव्हा तो इमारतीच्या दाराशी उभा होता, लक्ष्मी रोडवरून घेतलेल्या जॅकेटमध्ये, हात काखेत दाबून. उणे आठ तापमान होतं. चार वाजल्यापासून तिथेच. मधे कुणीतरी दार उघडलं होतं, पण ‘परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं’ म्हणून तो त्यांच्या मागून आत गेला नाही. मला म्हणाला, ‘जरा गार होतं आज.’ एवढंच. त्यानंतरचे अठरा दिवस तो माझ्याशिवाय एकदाही खाली उतरला नाही. मी दिवसभर वर्गात, तो दिवसभर खोलीत, आणि संध्याकाळी मी दमून आले की तो नुकताच जागा झाल्यासारखा बोलायला उत्सुक. आमचं सगळं बिनसलं ते तिथून.

म्हणून तारखा ठरवताना मी आता सगळ्यांना एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य सुचवते. तुझ्या विभागात बहुधा एका वेळी एकच कोर्स असेल, पाच आठवड्यांचा, शेवटी तेन्ता. वेळापत्रक हातात आलं की तेन्ताच्या आधीचे दहा दिवस लाल पेनानं खोड आणि उरलेल्यातून निवड. तो येईल तो आठवडा नव्या कोर्सचा पहिला आठवडा असेल तर उत्तम, कारण तेव्हा वाचन असतं, डेडलाइन नसते.

30 एप्रिलला वाल्बोर्ग, म्हणजे वसंताच्या स्वागताचा सण, असतो आणि उप्सालाचा वाल्बोर्ग सगळ्या स्वीडनमध्ये गाजलेला आहे. सकाळी फ्यूरीस नदीत विद्यार्थी स्वतः बांधलेले तराफे घेऊन धबधब्यावरून कोसळत येतात, दोन्ही काठांवर माणसांची भिंत. दुपारी तीन वाजता कारोलिना रेदिवीवा या विद्यापीठ ग्रंथालयासमोर हजारो लोक एकदम पांढऱ्या विद्यार्थी टोप्या डोक्यावर चढवतात. सत्तरीचे आजोबासुद्धा आपली पिवळी पडलेली टोपी घेऊन येतात. वारी पाहिलेल्या माणसाला ही गर्दी लगेच कळते. तो हे पाहील तेव्हा तू इथे का आलीस, हे तुला समजावून सांगावं लागणार नाही. पुढच्या दोन आठवड्यांत झाडं डोळ्यांदेखत हिरवी होतात. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे तुझे वर्ग संपल्यावरही दिवस हातात उरतो. थंडी असतेच, पाच ते बारा अंशांच्या आसपास, पण ती सोसण्यासारखी. दुसरा चांगला काळ म्हणजे ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर. जून-जुलैत निसर्ग सुंदर, पण विद्यार्थ्यांचं गाव ओस पडलेलं असतं. तुझं इथलं रोजचं आयुष्य त्याला दिसणार नाही.

आता व्हिसा. तीन आठवड्यांसाठी लागतो तो शेंगेन, म्हणजे युरोपातल्या सामाईक सीमा असलेल्या देशांचा, व्हिजिट व्हिसा. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरून. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्यामुळे एप्रिलच्या शेवटी यायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज टाका. जून 2024 पासून मोठ्या माणसासाठी फी 90 युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवास-आरोग्य विमा लागतो.

तुझ्याकडून दोन कागद महत्त्वाचे. एक, इथल्या मायग्रेशन एजन्सीचा निमंत्रणाचा फॉर्म, क्रमांक 241011. दुसरा पेर्सूनबेविस, म्हणजे तू इथे अमुक पत्त्यावर राहतेस असा स्काटेवर्केट या कर खात्याचा दाखला. सोबत तुझ्या रेसिडेन्स परमिट कार्डाची आणि पासपोर्टची प्रत, आणि विद्यापीठात शिकतेस याचं पत्र. खर्चाचा निकष आहे दिवसाला 450 क्रोनर, म्हणजे इथलं चलन. 22 दिवस धरलेस तर 9,900 क्रोनर. तू विद्यार्थिनी आहेस, तुझ्या खात्यातले पैसे तुझ्या स्वतःच्या परवान्यासाठी दाखवलेले असतात. तेव्हा ही रक्कम त्याच्या खात्यात, त्याच्या पगारातून साठलेली दिसलेली बरी. अर्जाच्या आदल्या आठवड्यात सासऱ्यांकडून एकदम दोन लाख खात्यात आले, की अधिकाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते.

अर्ज तपासणाऱ्याच्या डोक्यात खरा प्रश्न एकच असतो : बायको तिथे आहे, मग हा परत कशावरून जाईल? या प्रश्नाला घाबरून काही मुलं लग्न लपवतात, ‘मैत्रिणीला भेटायला’ असं लिहितात. असं कधीही करू नका. सरळ एक पान लिहायचं : आमचं लग्न झालंय, पत्नी अमुक तारखेपर्यंतच्या परवान्यावर शिकते आहे, मी तीन आठवड्यांसाठी भेटायला जातोय, अमुक तारखेला कामावर रुजू होणार. त्याला कंपनीचं पत्र जोडायचं, ज्यात रजा मंजूर असल्याचं आणि परत रुजू होण्याची तारीख स्पष्ट आहे. पगाराच्या स्लिपा, इन्कम टॅक्सचे रिटर्न, घराची किंवा शेतीची कागदपत्रं, आईवडील त्याच्यावर अवलंबून असतील तर तेही. लग्नाचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. आणि आपल्याकडची नेहमीची अडचण : तुझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, दाखल्यावर आणि आधारवर सासरचं नाव. इथल्या माणसाला मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हे कळायला मार्ग नाही. दोन ओळींत ते समजावून दे. ज्यांचं लग्न झालेलं नाही तेही मला आवाज खाली करून विचारतात. त्यांना सांगते, स्वीडनला लग्नाच्या दाखल्याशी देणंघेणं नाही, नातं काय आहे ते खरं लिहा.

तिकिटाचं निव्वळ आरक्षण करून ठेवा, पूर्ण पैसे व्हिसा हातात आल्यावर. नकार आलाच तर तीन आठवड्यांच्या आत अपील करता येतं, कसं ते निर्णयाच्या पत्रातच दिलेलं असतं. आणि पहिल्या भेटीत एकही दिवस जास्त राहायचं नाही. एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी असा नियम आहे, की मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नीट वापरलेल्याला दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळू शकतो. तुझं शिक्षण दोन वर्षांचं आहे, म्हणजे हे तुमच्या उपयोगाचं आहे. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात नोंद करायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे दिवसांचा हिशेब आपोआप होतो. या व्हिसावर इथे काम करता येत नाही. ‘लॅपटॉप आणतो, थोडं ऑफिसचं बघेन’ असं तो म्हणाला तर तू नको म्हण. पूर्ण रजा घेऊनच ये, असं सांग.

बॅग भरताना सासूबाई आणि आई दोघींना आधीच फोन कर. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, बर्फी नाही. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. नारळ, केळी, अननस अशी थोडीच फळं दाखल्याशिवाय चालतात. घरचं तूप विमानतळावर टाकून द्यावं लागलं तर त्या माउलीला ते वर्षभर सलतं. त्यापेक्षा गोडा मसाला, मेतकूट, थालिपीठाची भाजणी, कुळथाचं पीठ, लसणाची कोरडी चटणी, कोकम आण म्हणावं. नियमित औषधं असतील तर डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

त्याचं विमान फ्रँकफुर्टसारख्या शेंगेनमधल्या शहरातून येणार असेल तर इमिग्रेशन तिथेच होईल, स्टॉकहोमला नाही. तुझं निमंत्रण, विमा, परतीचं तिकीट, पत्ता आणि फोन नंबर, सगळं छापून त्याच्या हातातल्या बॅगेत असू दे. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. आर्लांडा या स्टॉकहोमच्या विमानतळाहून उप्साला रेल्वेनं वीस मिनिटं, पण विमानतळाच्या स्टेशनातून जाण्याचा वेगळा आकार पडतो. 801 नंबरची बस थोडा जास्त वेळ घेते आणि बरीच स्वस्त पडते. पहिल्यांदा मात्र तू स्वतः आणायला जा, वर्ग बुडाला तरी चालेल.

आता खोली. पाहुणा थोड्या दिवसांसाठी राहायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, पण तुझ्या करारात काय लिहिलंय ते वाच आणि शंका असेल तर घरमालक कंपनीला मेल करून लेखी उत्तर घे. त्याच मेलमध्ये दुसरी किल्ली किंवा टॅग मिळेल का ते विचार. पैसे पडले तरी घे. तीन आठवड्यांच्या सगळ्या खर्चात हा सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च असेल. मग कॉरिडॉरच्या ग्रुपवर दोन आठवडे आधी लिही : माझा नवरा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत येतो आहे, स्वयंपाकघर तोही वापरेल, काही अडचण असेल तर मला सांगा. स्वीडिश माणूस नाराजी तोंडावर बोलत नाही, फ्रिजवर चिठ्ठी लावतो. आधी कळवलंस की ती चिठ्ठी लागत नाही.

स्वयंपाकघरातल्या गोष्टी त्याला पहिल्याच संध्याकाळी हाताला धरून दाखव. फ्रिजमधला तुझा कप्पा कुठला, कुणाच्या कप्प्याला हात लावायचा नाही, कचरा किती डब्यांत वेगळा करायचा, भांडी लगेच धुवायची, फोडणी करताना वरचा पंखा पूर्ण वेगानं लावायचा आणि कॉरिडॉरकडचं दार बंद ठेवायचं. सुकी मिरची तेलात पडली की बाराजण खोकत बाहेर येतात, आणि धुराचा अलार्म वाजला तर त्याहून वाईट. कपडे धुण्याच्या सामाईक खोलीत, त्वेत्स्तूगात, आपण नोंदवलेल्या वेळेच्या बाहेर पाच मिनिटंही थांबायचं नाही. इथे शेजाऱ्यांची खरी भांडणं त्यावरूनच होतात. आणि फ्लोग्स्टात राहत असलीस तर रात्री दहाची आरोळी त्याला आधीच सांगून ठेव. सगळ्या इमारतींच्या खिडक्यांतून पोरं एकदम ओरडतात, जुनी प्रथा आहे. माझा नवरा पहिल्या रात्री ताडकन उठून बसला होता, कुणावर तरी हल्ला झाला असं समजून. या वर्षी आम्ही मुलीला घेऊन तिथे गेलो, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला.

आता तुझा शेवटचा प्रश्न, तो दिवसभर काय करेल. आपल्याकडे लग्न झालं की बाई नवऱ्याच्या घरी जाते. साखरेचा डबा कुठला, गॅस कोण लावतं, सासऱ्यांना चहा किती वाजता, हे सगळं तिला शिकावं लागतं, आणि ते शिकेपर्यंत ती त्या घरात नवखी असते. तूही त्यातून गेली असशील. इथे ते उलटं झालंय. घर तुझं, गाव तुझं, ओळखी तुझ्या, आणि तो नवखा. त्याच्याकडे इथल्या रहिवाशांना मिळणारा पर्सनल नंबर नाही, त्यामुळे ऑनलाइन ओळख पटवणारं बँक आयडी नाही, फोनवरून पैसे देण्याचं स्विश नाही. खिशात रोख असली तरी बऱ्याच दुकानांत ती घेत नाहीत. पुण्यात ज्याचं कुठेच अडत नाही, त्या माणसाला इथे कॉफीसाठीही बायकोकडे बघावं लागतं. हे तो बोलून दाखवणार नाही. चिडचिड होईल ती दुसऱ्याच कशावरून तरी, भातात मीठ कमी आहे म्हणून, किंवा तू मैत्रिणीशी स्वीडिशमध्ये दोन वाक्यं बोललीस म्हणून.

नव्या सुनेला जे लागतं तेच त्याला लागतं : किल्ली, डबे कुठे आहेत याची माहिती, आणि एखादं काम जे त्याचं स्वतःचं आहे. म्हणून निघण्याआधीच भारतातून रोमिंग पॅक किंवा ई-सिम घेऊन येऊ दे. इथलं प्रीपेड सिम आता ओळखपत्र नोंदवूनच मिळतं, त्यात पहिला दिवस घालवू नका. कॉन्टॅक्टलेस चालणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड, शक्यतो दोन वेगवेगळ्या बँकांची. त्याच्या फोनमध्ये त्याच्याच कार्डावर बसचं ॲप. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बसनं गावात जा आणि येताना तिकीट त्याला काढू दे, तू नुसती शेजारी उभी राहा. तिसऱ्या दिवशी त्याला एकट्याला पाठव, एक छोटी यादी देऊन : दूध, बटाटे, बडीशेपेची हिरवी पानं. हातात यादी असलेला माणूस हरवलेला वाटत नाही. माझ्या नवऱ्याची दुसरी भेट मे 2013 मधली. तेव्हा मी हेच केलं. तो बटाट्यांबरोबर एक तास उशिरा आला आणि मला सांगू लागला, की फ्लोग्स्टाच्या मागच्या होगा दरीतून चालत गेलं की कांस्ययुगातला एक मोठा मातीचा ढिगारा लागतो, कुणा राजाची समाधी म्हणे, आणि सगळं रान पांढऱ्या फुलांनी भरलंय. मी दोन वर्षं तिथे राहत होते, मला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तो पुढे आणि मी मागे, असे आम्ही तिकडे गेलो. वाटेत एका ओढ्यापाशी थांबून त्यानं मला दाखवलं, दगड कुठला हलतो आणि कुठल्यावर पाय द्यायचा. तो घरी आल्यासारखा मला तेव्हा पहिल्यांदा वाटला.

पाहण्यासारखं गावात बरंच आहे, फार आखून देऊ नकोस. शहर ग्रंथालयात कुणीही जाऊन बसू शकतं. कारोलिनात सहाव्या शतकातलं चांदीच्या अक्षरांचं बायबल ठेवलंय. कॅथीड्रलचे मनोरे 118.7 मीटर उंच, नॉर्डिक देशांतलं हे सगळ्यात उंच चर्च, आणि वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत बसवणारा कार्ल लिनियस तिथेच पुरलेला आहे. जुन्या उप्सालातल्या राजांच्या टेकड्या चालत फिरायला छान. मेच्या शेवटापर्यंत थांबणार असेल तर कुंग्सेंगेनच्या कुरणात जांभळी चौकडीची लिली फुलते, ती बघा. आठवड्याच्या मधे एक दुपार तुझ्या वर्गमित्रांबरोबर फीकाला, म्हणजे कॉफी आणि गप्पांना, त्याला ने, आणि ‘हा माझा नवरा’ म्हणून थांबू नकोस. तो काय काम करतो, त्याला कशात रस आहे तेही सांग. पोरं त्याच्याशी बोलायला लागतील.

तरीही पाचव्या-सहाव्या दिवशी भांडण होईल. माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येक जोडप्याचं होतं. महिनोन्‌महिने रोज व्हिडिओ कॉलवर तासभर बोलणारी माणसं एकदम चोवीस तास एका पलंगावर येतात, तोही नव्वद सेंटिमीटरचा. (एक गादी आधीच उसनी आणून ठेव.) कॉलवर आपण एकमेकांना दिवसातला निवडक भाग दाखवतो. इथे त्याला तुझी सकाळची घाई दिसते, तू अर्धं जेवण उभ्यानं करतेस ते दिसतं, आणि त्याच्याशिवाय तुझं चाललंय हेही दिसतं. ते शेवटचं त्याला लागतं. त्यावर ‘माझं तुझ्यावाचून अडतं’ असं खोटं बोलू नकोस. खरं काय ते सांग, की चालतं, आणि तरी तू आल्यावर बरं वाटलं. स्वीडिशमध्ये एकत्र राहणाऱ्या जोडप्याला ‘साम्बू’ म्हणतात, आणि नातं असूनही वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्यांना ‘सेर्बू’. इथे हा शब्द कुणी कीव करून वापरत नाही. आपल्याकडे ‘ती तिकडे, तो इकडे’ म्हटलं की लोकांचा चेहरा बदलतो. नवऱ्याला हा शब्द सांग. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना तो ऐकून हायसं वाटलेलं मी पाहिलंय.

एक गोष्ट घरच्यांविषयी. मेमध्ये भारत आपल्या साडेतीन तास पुढे असतो. सासूबाईंचा फोन तिथल्या रात्री साडेनवाला येतो, म्हणजे इथे संध्याकाळचे सहा, नेमकी तुमची एकत्र असण्याची वेळ. तो सुट्टीच्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी घ्यायचा असं आल्या आल्या ठरवून टाका, आणि ते त्यांना त्यानं सांगायचं, तू नाही.

आजारपण आलं तर : तब्येतीचा सल्ला 1177, जिवावर बेतलं तर 112. तुला जे दर लागतात ते त्याला लागणार नाहीत, त्याला पूर्ण खर्च भरावा लागतो, म्हणून विम्याचा नंबर त्याच्या फोनमध्ये हवा. पॅरासिटामॉलच्या साध्या गोळ्या किराणा दुकानात मिळत नाहीत, औषधाच्या दुकानातच घ्याव्या लागतात.

परत जाण्याच्या दिवसाचंही आधीच ठरव. शक्य असेल तर दुपारचं विमान घ्या, पहाटेचं नको, म्हणजे सकाळी दोघांनी बसून चहा पिता येतो. किल्ली त्यानं टेबलावर ठेवली की ती परत देण्याची घाई करू नकोस, कंपनीला आठवड्यानं दिलीस तरी चालेल. आर्लांडाहून परतताना खोलीत एकटीनं जाऊ नकोस. त्या संध्याकाळसाठी कॉरिडॉरमधल्या कुणाला तरी आठवडाभर आधीच जेवायला सांगून ठेव, आणि त्यानं आणलेल्या भाजणीचं थालिपीठ लाव.